पारखीचं नाक

ऐन तोडणीत पाऊस लागला, आणि आमच्या घरात दोनच माणसांना ठाऊक असलेली गोष्ट आता चव्हाट्यावर येणार, या धास्तीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घर गळत नव्हतं. छप्पर पक्कं आहे आमचं. मला काळजी होती ती यांच्या नाकाची. आता नाकाची कसली मेली काळजी, म्हणून हसाल. हसा खुशाल. पहिल्या दिवशी मीही हसलेच होते.

आमचे हे कॉफीच्या मळ्यावर पारखी. मळा डोंगराच्या उतारावर, खाली यंत्रघर, त्याच्यापुढे मोठं खळं. लाल फळं टोपल्यांतून खाली येतात, हौदात धुतली जातात, यंत्रात जातात. यंत्र फळ पिळतं, बी एकीकडे पडते आणि साल दुसरीकडे. बी खळ्यावर वाळली की यांच्यापुढे आणायची. हे स्टुलावर बसणार, मूठभर बिया उचलणार, फुंकर मारणार, नाकाशी नेणार आणि डोळे मिटणार. मग एक तर "हो" नाही तर "नाही". हो म्हटलं की माल पोत्यात, नाही म्हटलं की बाजूला. तीस वर्षांत त्यांना कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चार मॅनेजर आले आणि गेले, पारखी तेच राहिले. लोक त्यांचं खरं नावसुद्धा विसरले. पोस्टमन दारात उभा राहून "पारखी आहेत का?" असंच विचारतो.

सालीला पूर्वी कुणी विचारत नव्हतं. खड्ड्यात टाकायची, तिथं ती आंबायची, माश्या घोंघावायच्या, ओढ्याचं पाणी तपकिरी व्हायचं. गुरंसुद्धा तोंड लावायची नाहीत. मग तीन वर्षांपूर्वी एक कंपनी आली. कंपनीच्या बाईंनी आम्हां बारा जणींना खळ्यावर बसवलं आणि सांगितलं की ही साल वाळवून, उकळून लोक चहासारखी पितात. हिच्यात अँटीऑक्सिडंट असतात.

"म्हणजे काय हो बाई?" आमच्यातली हसरी म्हणाली. तिला आम्ही हसरीच म्हणतो, कारण तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नाही.

"म्हणजे असं बघा, लोखंड हवेत राहून गंजतं ना? तसं आपलं शरीरही आतून थोडं थोडं झिजतं. ती झीज रोखायला मदत करणारे पदार्थ हिच्यात आहेत. शिवाय तंतू आहेत, पोटॅशियम आहे."

"मग उकळायची कशाला? कंबरेलाच चोळते की मी. सगळा गंज तिथंच साठलाय."

बाई हसल्या. पण पुढचं त्यांनी हसून सांगितलं नाही. हिच्यातही कॉफीसारखंच झोप उडवणारं काहीतरी आहे, पोटुशी बाईनं आणि लहान पोरांनी जपून राहायचं. ज्या झाडांवर औषध फवारलंय त्यांची साल घ्यायचीच नाही, कारण फवारा बसतो तो सालीवरच. आणि सगळ्यात वाईट बुरशी. साल ओली राहिली, ढिगात गरम झाली, की तिला बुरशी धरते. एका जातीची बुरशी विष सोडते. ते विष उकळून जात नाही, भाजून जात नाही. महिनोन् महिने पोटात गेलं तर मूत्रपिंडं खराब करतं.

"दिसते का ती?" मी विचारलं.

"दरवेळी दिसत नाही. पण तुमच्याकडे पारखी आहेत ना."

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे स्टुलावर ताठ बसले होते. लग्नातसुद्धा माझा नवरा इतका देखणा दिसला नव्हता.

तेव्हापासून सालीची पारखही यांच्याकडे आली. बारा जणींना तोडणीनंतरही दोन महिने जास्तीचं काम मिळालं. जाळीच्या चौकटींवर साल पातळ पसरायची, तासातासाला दाताळ्यानं परतायची, ऊन उतरलं की झाकायची. मी त्या बारा जणींची मुकादमीण. चांगल्या सालीला मनुकांसारखा वास येतो, थोडा आंबट, थोडा गोड. बिघडलेलीचा वास बंद ट्रंकेसारखा. हे मला यांनीच शिकवलं.

गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी यांना ताप आला. बारा दिवस अंथरुणाला खिळले. उठले, खायला लागले, कामावरही गेले. एका सकाळी मी कपडे धूत होते आणि मागच्या दारापर्यंत करपल्याचा वास आला. धावत आत गेले तर शेगडीवर दूध जळून कोळसा झालेलं, आणि हे शेजारीच बसून दाढी करताहेत.

"अहो, बहिरे झालात की काय?" मी ओरडले, आणि हसू आलं मला. कारण वासाला बहिरं कसं व्हायचं!

यांना हसू आलं नाही. यांनी वस्तरा खाली ठेवला. मी फडताळातून कॉफीचा डबा काढला, यांना डोळे मिटायला लावलं आणि डबा नाकाखाली धरला.

"कशाचा वास आहे?"

यांनी दोनदा श्वास ओढून घेतला. मग म्हणाले, "साबण?"

अर्ध्या गालाला फेस तसाच आणि हा माणूस हुंदके देऊन रडला. सासू गेली तेव्हा रडले नव्हते इतके. "कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणत राहिले. मी नाही सांगितलं. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, येईल परत, वाट बघा. वाट बघून दोन वर्षं झाली.

मग आम्ही सोंग काढलं. ढीग बियांचा असो की सालीचा, यांच्यापुढे आणायच्या आधी मी तो परतताना हुंगून ठेवायची. हे मूठ उचलत, फुंकर मारत, डोळे मिटत, आणि मिटताना पापणीच्या फटीतून माझ्याकडे बघत. दाताळं मी जमिनीवर टेकवलेलं असलं की हो. खांद्यावर असलं की नाही. दोन वर्षं एकही ढीग चुकला नाही. माझं नाक यांच्याहूनही तिखट निघालं, पण कुणाला सांगणार, आणि सांगून कुणाचं भलं होणार होतं!

तर ऐन तोडणीत पाऊस लागला. वेळीअवेळी, न सांगता, पाहुण्यासारखा. दुपारी आभाळ भरून आलं तशी आम्ही बारा जणींनी धावाधाव करून चौकटींवरची अर्धीओली साल ओढली, ढीग केले आणि ताडपत्र्या घातल्या. सकाळी उघडून पुन्हा पसरायची, असं ठरलं. आणि त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलंय, निघा.

मी यांना बजावलं, "मी येईपर्यंत कशालाच हो म्हणू नका. पाऊस आहे म्हणा, थांबा म्हणा, पोटात दुखतंय म्हणा."

"अगं, मला काय कळत नाही का?"

"कळतं. वास तेवढा येत नाही."

पहाटेच्या पहिल्या बसनं मी गेले. लेकीला मुलगी झाली. इतकं जावळ की कान दिसेनात. मी तिला मांडीवर घेऊन बसले आणि तीन दिवस खळं, साल, पाऊस, सगळं विसरले. त्या तीन दिवसांसाठी मला कुणी बोल लावू नये. पण मी स्वतःला लावतेच.

इकडे पाऊस दोन दिवस थांबला नाही. ताडपत्र्या कुणी उघडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं घाई लावली. कंपनीची गाडी आलेली, माल द्यायचा. त्यानं ढीग उपसायला लावले आणि यंत्रघराच्या मागे बॉयलरवर जो पत्रा असतो, गरमागरम, त्याच्यावर साल पसरून वाळवली. दोन तासांत कडकडीत. मग यांच्यापुढे आणली.

यांनी मला नंतर सगळं सांगितलं. मी समोर नव्हते. दाताळी होती, पण दुसऱ्यांच्या हातात. सगळे बघत होते. यांनी मूठ उचलली, फुंकर मारली, नाकाशी नेली. काहीच नाही. मग यांना एक सुचलं. यांनी मूठ कानाशी नेली आणि हलवली. साल वाजली, खुळखुळ, चांगली वाळल्यासारखी.

"हो," म्हणाले.

"वाजली गं," मला सांगताना यांचा आवाज बारीक झाला. "वाजते म्हणजे वाळली, वाळली म्हणजे बुरशी नाही, असं धरलं मी."

बुरशीनं दोन रात्री ढिगाखाली घर केलं होतं. वाळवलं म्हणून तिचं विष जातंय होय! पण माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. त्यांना काय कमी लागलं होतं?

पंधरा दिवसांनी गाडी परत आली. सगळी पोती जशीच्या तशी. सोबत कंपनीच्या बाई आणि प्रयोगशाळेचा कागद. विष मर्यादेच्या कितीतरी वर होतं. बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तपासणीत पाच पोत्यांमागे एक पोतं उघडतात. हे उघडलं म्हणून कळलं. नसतं उघडलं तर?"

पोती खड्ड्यात रिकामी केली, वर चुना टाकला. मग मॅनेजरनं आम्हां सगळ्यांना खळ्यावर उभं केलं. हे त्यांच्या स्टुलाशी उभे होते, हात मागे बांधून, मास्तरांपुढे उभं राहावं तसे.

"पारखी, तुम्ही हो म्हणालात," मॅनेजर म्हणाला. बिचाऱ्यालाच लाज वाटत होती. "तुमच्याकडून असं कसं झालं?"

यांच्या मानेवरून घामाचा एक थेंब कॉलरमध्ये गेला, तो मला दिसला. तीस वर्षं. मला वाटलं, आता हा माणूस इथंच, या सगळ्यांसमोर रडेल, गालाला फेस लावल्यासारखा पांढराफटक होऊन.

"त्यांचा दोष नाही," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"ढीग मी ओला झाकला. आणि जाताना सांगून गेले, मी येईपर्यंत उघडू नका. घरची घाई होती, लक्ष नव्हतं माझं. पुन्हा ती साल पत्र्यावर भाजल्यासारखी वाळवली तुम्ही. भाजलेल्या मालाला कुणाला वास येणार? देवाच्या नाकालासुद्धा नाही."

सांगून गेले नव्हते. हसरीला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण ताडपत्र्या उघडायचं काम त्यांचं होतं आणि ते त्यांनी केलं नव्हतं, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. हसरीचं तोंड मी पहिल्यांदा मिटलेलं पाहिलं.

मॅनेजरनं सुस्कारा सोडला. त्यालाही तेच हवं होतं. पत्र्यावर वाळवायचा हुकूम त्याचा होता, पण मुकादमीण चुकली म्हटल्यावर तो हुकूम बाजूला पडला. म्हणाला, "वहिनी, मग तुम्हाला ठेवता येणार नाही. कंपनीला नाव द्यावं लागतं."

मी यांच्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. एक शब्द. नाही, ती उगाच अंगावर घेतेय, एवढं. मी मग म्हटलं असतं, गप्प बसा हो, आणि त्यांना गप्प बसवलं असतं. पण त्यांनी म्हणायला हवं होतं. हे स्टुलाकडे बघत राहिले. मग स्टुलावर बसले.

दाताळं मी भिंतीला टेकवलं आणि घरी आले.

नंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. नळावर बाया मला बघून जागा द्यायच्या. पूर्वी भांडायच्या. जागा द्यायला लागल्या म्हणजे समजावं की आपण बाद झालो. एकीनं विचारलंच, "काय हो, इतकी कशी विसरलात? लोकांच्या पोटात जातं ते." मी घागर भरली आणि घरी आले. घरी हे जेवायचे, ताट उचलायचे, कधी नव्हे ते स्वतः धुवायचे. एका घरात दोन मुके.

ऊन चांगलं पडत होतं, म्हणून निभावत होतं. उन्हात वाळलेली साल सहसा बिघडत नाही. हे डोळे मिटून हो म्हणत, आणि ते खरं निघे.

मग पुन्हा दोन दिवस झड लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी हे घरी आले. जेवणाच्या सुट्टीला ते कधी येत नाहीत, डबा नेतात. दारातच बसले, चपलासुद्धा न काढता.

"सांगून आलो," म्हणाले.

"काय?"

"सगळं. मॅनेजरला. तापात नाक गेलंय म्हटलं, दोन वर्षं झाली. ती हुंगायची, मी नुसता बसायचो. चूक माझी आहे, तिला परत घ्या म्हटलं."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. इतक्या दिवसांचा राग असा एकदम उतरेल असं मला वाटलं नव्हतं. मी खाली बसले, त्यांच्याशेजारी, उंबऱ्यावर. बावळटासारखं रडू आलं.

"मग? काय म्हणाला?"

"हसला."

"हसला म्हणजे?"

"पाठीवर हात ठेवला माझ्या. म्हणाला, पारखी, बायकोसाठी एवढं कोण करतं आजकाल! पण असलं सांगून ती परत येणार नाही. बायांना हाक मारून सांगितलं त्यानं, बघा, नवरा असावा तर असा. त्यांनाही पटलं. हसरीनं तर डोळे पुसले."

"आणि तुम्ही?"

"मी परत सांगितलं. शपथ घेतली. तो म्हणाला, पुरे आता, लोक ऐकताहेत. आणि ढीग समोर आणला."

मला पुढचं विचारायची भीती वाटली. तरी विचारलं.

"मूठ माझ्या हातात त्यानंच दिली गं. सगळ्या अशा बघत होत्या, देवळात बघतात तशा. मी म्हटलं, मला वास येत नाही. तो म्हणाला, नाही म्हणजे बिघडलाय का? म्हटलं, तसं नाही. म्हणाला, मग चांगला आहे. पोती भरा."

"कुठला ढीग? उत्तरेच्या कोपऱ्यातला?"

त्यांनी मान डोलावली. तिथं ताडपत्री फाटलेली आहे. ते मला ठाऊक, कारण ती बदला म्हणून मी महिनाभर ओरडत होते.

मी तशीच उठले. उतारावरून पळत गेले, या वयात, गुडघे वाजताहेत, पायात घरातल्या चपला. गाडी भरून होत आली होती. शेवटची चार पोती खाली होती. मी कुणाला न विचारता एकाचं तोंड उसवलं आणि त्यात तोंड घातलं. बंद ट्रंक. ओला गोणपाट. घसा धरला माझा.

"बिघडलाय," मी म्हणाले. "गाडी थांबवा. हा माल बिघडलाय."

मॅनेजर आला. हसरी आली. सगळ्या जमल्या, माझ्याभोवती, पण हातभर लांब.

"वहिनी," मॅनेजर म्हणाला, "तुमचा राग समजतो. पण चांगल्या मालाला का नावं ठेवताय?"

"हुंगून बघा ना तुम्ही!"

त्यानं हुंगलं. हसरीनंही हुंगलं. "मला तर सालीसारखाच वास येतोय," ती हळूच म्हणाली. तिचा इलाज नव्हता. हुंगायचं काम दुसऱ्या कुणाला कधी शिकवलंच नव्हतं. पारखी होते ना.

"लोक हे औषध म्हणून पिणार आहेत," मी ओरडले. "म्हातारी माणसं पिणार. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतं म्हणूनच तर पारखींना दाखवलं," तो म्हणाला. आता तोही चिडला होता. "तीस वर्षांत त्या माणसाची एक चूक नाही. जी झाली ती तुमच्यामुळे झाली, तुम्हीच सांगितलंत. आता त्यांच्या शब्दावर तुमचा शब्द कसा घेऊ मी?"

ज्या नावासाठी मी स्वतःला काळं फासून घेतलं, तेच नाव त्यानं माझ्या तोंडावर आपटलं.

हे मागून पोचले, धापा टाकत. "तिचं खरं आहे," म्हणाले. "ऐका तिचं. मी हात जोडतो." आणि खरंच जोडले. मॅनेजरनं ते धरून खाली केले, मायेनं. कुणीतरी यांच्यासाठी पाणी आणलं. कुणीतरी स्टूल आणलं. पोत्याचं उसवलेलं तोंड पुन्हा शिवलं गेलं. शिवणारीनं माझ्याकडे पाहिलं नाही. चारही पोती चढली आणि गाडी गेली.

याला आज अकरावा दिवस. कंपनीच्या बाईंचा नंबर मॅनेजरकडे आहे, तो देत नाही. पाच पोत्यांमागे एक उघडतात. एकूण सव्वीस पोती होती, बिघडलेली त्यातली किती, मला ठाऊक नाही. सकाळी हे कामावर जातात, कारण न जाऊन करणार काय. मी अंगणात निवडायला काहीतरी घेऊन बसते आणि रस्त्याकडे बघते. गाडी परत आली तर या वेळी झाकायला मी नाही. यांचं नाव मातीत जाईल, आणि या वयात ते उठून उभे राहायचे नाहीत, हे मला कळतं. तरी दिवसभर मी देवाला एकच मागते, गाडी परत येऊ दे.